शेवटच्या पोलावरचं व्होल्टेज: गावच्या लाइनीवर सोलर आल्यापासून लोक विचारतात ते प्रश्न

मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडचा, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेला, आणि बरीच वर्षं पंपाची पॅनलं अन् सोलरची कामं करतो. हरभऱ्याचं ओलीत सुरू झालं की फोनावर फोन येतात, मार्चनंतर छतावर सोलर लावलेल्यांचे येतात, आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात. म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवून राहिलो. जे माझ्या हिशोबाने आहे ते ढोबळ आहे, पण चुकीचं नाही.

पॉवर इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे काय भाऊ? आमच्या गावात आहे का ते?

आहे, आणि भरपूर आहे. मोबाइलचा चार्जर, एलईडी बल्ब, घरचा बॅटरीवाला इन्व्हर्टर, वावरातल्या सोलर पंपाचा कंट्रोलर, हे सगळं तेच. साधा स्विच आपण हाताने दाबतो, इथं सिलिकॉनचा स्विच असतो, त्याला आयजीबीटी नाहीतर मॉस्फेट म्हणतात, तो सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो आणि त्या चालू-बंदीतून पाहिजे तशी वीज घडवतो. डीसीची एसी करतो, व्होल्टेज वर-खाली करतो, करंट व्होल्टेजच्या लाटेच्या किती पुढं-मागं चालायचा तेही ठरवतो. हे शेवटचं ध्यानात ठेवा, पुढं सगळं त्याच्यावरच आहे.

आणि विदर्भाला हे नवीन नाही. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्याला ७५२ किलोमीटरची डीसी लाइन जाते, ±५०० केव्ही (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट), १५०० मेगावॅट, दोन्ही टोकांना हीच विद्या, फक्त थायरिस्टर नावाच्या जुन्या स्विचवाली. भद्रावतीचं तर त्याहून मजेदार आहे, ते खाली सांगतो.

लाइनीत वीज उलटी वाहते म्हणजे काय?

आपली लाइन बांधली तेव्हा एकच गोष्ट धरली होती: वीज सबस्टेशनातून निघणार, ११ केव्हीने डीपीपर्यंत, म्हणजे गावातल्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत येणार, डीपीतून ४०० व्होल्टने घराघरात नाहीतर मोटरीत जाणार. जसजसं लांब जाल तसं व्होल्टेज पडत जाणार. म्हणून डीपी मुद्दामच थोडं चढं देते, लोड नसताना ४३३, म्हणजे एका फेजला २५०. शेवटच्या पोलापर्यंत जाता जाता २३० राहावं हा त्यामागचा विचार.

आता शेवटच्या पोलावरच्या माणसाने छतावर ३ किलोवॅट टाकलं. दुपारी सगळे वावरात, घरात एक फ्रिज अन् एक पंखा, मग ती वीज जाणार कुठं, उलटी डीपीकडे जाते. आणि वीज जिकडे वाहत जाते तिकडे व्होल्टेज उतरत जातं, म्हणजे त्याच्या घरी ते चढलेलं पाहिजे. हिशोब पाहा: विझल नावाची बारीक तार किलोमीटरला साधारण ०.९ ओहम, डीपी ५०० मीटरवर, फेज अन् झिरो धरून जाऊन-येऊन १ किलोमीटर, करंट १३ अँपियर, झाले ११-१२ व्होल्ट. डीपीचे २५० अधिक १२, म्हणजे २६२. एकाच फेजवर तिघा-चौघांनी लावलं तर तुम्हीच बेरीज करा.

दुपारी बारा वाजता माझं सोलर "ग्रिड ओव्हर व्होल्टेज" दाखवून बंद पडते. मशीन खराब आहे का?

नाही हो. बहुतेक वेळा मशीन बरोबर काम करून राहिलं असतं. पॅनलची डीसी एसी करून लाइनीत देणारा जो सोलरचा इन्व्हर्टर असतो, तसल्या बऱ्याच इन्व्हर्टरांत २३० च्या ११० टक्क्यांवर, म्हणजे २५३ व्होल्टवर, बंद पडायचं सेटिंग असतं. वरच्या हिशोबात २६२ आले, म्हणून ते बंद पडलं. बंद पडलं की व्होल्टेज उतरतं, मग ते परत चालू होतं, परत चढतं, परत बंद, असं दुपारभर चालतं, आणि नेमकी उन्हाची वेळ वाया जाते.

मला यात जे खुपतं ते असं की डीपीजवळच्या माणसाला हा त्रास होत नाही. दोघांनी सारखेच पैसे भरले, पण शेवटच्या पोलावरच्याचे युनिट कमी. आणि रब्बीत त्याच शेवटच्या माणसाची मोटर व्होल्टेज नसल्यामुळे जळते. दोन्हीकडून तोच मरतो.

मग डीपीचा टॅप खाली करून घेऊ का?

करता येतो, पण डीपीचा टॅप, म्हणजे तिचं व्होल्टेज कमी-जास्त करायचा खटका, लाइन बंद करून हाताने फिरवावा लागतो, तो काही रोज सकाळ-संध्याकाळ कोणी फिरवणार नाही. दुपारच्या हिशोबाने खाली केला की संध्याकाळी सगळ्यांच्या घरी लाइट पिवळे पडतात. एकच टॅप दोन्ही वेळेला पुरत नाही, हीच तर अडचण आहे. सोलर ढगागणिक बदलतं, टॅप वर्षातून एखाद्या वेळेस. मधलं अंतर भरून काढायला सेकंदाच्या आत हलणारी वस्तू लागते, ती म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स.

इन्व्हर्टर व्होल्टेज सांभाळतो म्हणतात, ते कसं?

इथं रिॲक्टिव्ह पॉवर समजून घ्यावी लागते, पळू नका. मोटरीला फिरायला जी वीज लागते ती एक, आणि तिच्या आत चुंबक तयार करायला लागते ती दुसरी. ही दुसरी, म्हणजेच रिॲक्टिव्ह, खर्च होत नाही, मोटरीत जाते अन् परत येते, पुन्हा जाते. जशी रिकामी बंडी वावरात जाऊन रिकामीच परत यावी, माल काही नाही पण पांदण दोन्ही वेळा अडते. ती पांदण म्हणजे आपली तार. ५ एचपीच्या मोटरीला अशी साधारण साडेतीन केव्हीएआर लागते, केव्हीएआर हे या रिॲक्टिव्हचं माप. एका फिडरवर, म्हणजे सबस्टेशनातून निघणाऱ्या एका ११ केव्ही लाइनीवर, ३०० मोटरा सोबत सुरू झाल्या की १ एमव्हीएआर, म्हणजे हजार केव्हीएआर झालं, आणि ते सगळं पार सबस्टेशनातून ओढत आणायचं.

इन्व्हर्टर करंट पुढं-मागं सरकवू शकतो हे वर सांगितलं, तर तो ही रिकामी बंडी जागच्या जागी पुरवू शकतो, म्हणजे पांदण मोकळी. व्होल्टेज पडलं की पुरवायची, चढलं की उलट लाइनीतून ओढायची. किती व्होल्टला किती, याची एक रेघ त्याच्यात भरून ठेवतात, त्याला व्होल्ट-वार म्हणतात. १०० केव्हीएचा इन्व्हर्टर ९० किलोवॅट देत असला तरी त्याच्याकडे ४३ केव्हीएआर उरते, ८० देत असला तर ६० (इथं बेरीज सरळ होत नाही, वर्गांची होते). काही मॉडेल रात्री पॅनल झोपल्यावरही देतात, लाइनीतून स्वतःपुरती थोडी वीज घेऊन.

हे सगळीकडे सारखं लागू पडत नाही, तेही सांगतो. गावातली बारीक तार म्हणजे नुसता रोधच जास्त, तिथं रिॲक्टिव्हचा जोर चालत नाही. वरच्याच ३ किलोवॅटवाल्याच्या इन्व्हर्टरने सव्वा केव्हीएआर ओढली तरी व्होल्टेज २ नाहीतर फार तर अडीचने उतरेल, बस. तिथं दुसरा उपाय, व्होल्ट-वॅट: व्होल्टेज चढत गेलं की एकदम बंद न पडता उत्पादन हळूहळू कमी करायचं. थोडे युनिट जातात पण पूर्ण दुपार जात नाही. आणि ११ केव्हीवर मात्र रिॲक्टिव्ह भारी काम करते: १५ किलोमीटर रॅबिट नावाच्या तारेच्या शेवटी १ एमव्हीएआर दिली तर ४७५ व्होल्टच्या आसपास चढतात, ११ हजारांत ४ टक्के. रब्बीत ४ टक्के म्हणजे किती होतात ते ज्याची मोटर गुरगुरत उभी राहते त्याला विचारा.

असं असेल तर आधीपासून सगळे इन्व्हर्टर हे का करत नाहीत?

कारण नियमच तसा होता. जगभर ज्याच्याकडे पाहून नियम बनतात त्या अमेरिकेच्या आयट्रिपलई या इंजिनिअरांच्या संस्थेच्या १५४७ नंबरच्या नियमात २००३ साली लिहिलं होतं की छोट्या उत्पादकाने लाइनीचं व्होल्टेज स्वतःहून सांभाळू नये. तेव्हा सोलर थोडं होतं, लुडबुड नको हा विचार ठीक होता. २०१८ च्या सुधारित नियमात उलटं झालं, ही ताकद यंत्रात असलीच पाहिजे असं आलं. आज बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच इन्व्हर्टरांत ही सोय असते, मेनूत बंद करून ठेवलेली. मात्र ती स्वतःच्या मनाने चालू करू नका, वितरण कंपनीला विचारूनच, कारण एकाने एक सेटिंग ठेवलं, शेजाऱ्याने दुसरं, तर दोघं एकमेकांशी भांडत बसतात अन् व्होल्टेज झुलत राहते.

आम्ही मोटरीला कॅपॅसिटर लावलाच आहे ना, मग वेगळं काय पाहिजे?

कॅपॅसिटर लावलाच पाहिजे, स्वस्त अन् मस्त आहे, अन् ज्यांनी तो काढून फेकला त्यांनी परत लावा. पण त्याचा एक दोष आहे, व्होल्टेज पडलं की तोही पडतो, तेही वर्गाने. व्होल्टेज ८० टक्के झालं तर कॅपॅसिटर ६४ टक्केच देतो. नेमका मोटरीचा जोरही तसाच ६४ टक्क्यांवर येतो. मोटर पाणी ओढायला पाहते, जमत नाही, करंट जास्त खाते, वाइंडिंग तापते अन् जळते. रिवाइंडिंगचा खर्च दरवर्षीचा झाला आहे कित्येकांना.

स्टॅटकॉम नावाचं जे इलेक्ट्रॉनिक यंत्र आहे, वितरण लाइनीवरच्या त्याच्या छोट्या भावाला डी-स्टॅटकॉम म्हणतात, ते पडलेल्या व्होल्टेजवरही पूर्ण करंट देते. ८० टक्क्यांवर ८० टक्के, ६४ नाही. शिवाय फेज वाकडे झाले असतील, म्हणजे एका फेजवर सगळं गाव अन् दुसऱ्यावर दोनच घरं, तर ते तिन्ही फेज काही प्रमाणात सारखे करून देते.

सबस्टेशनजवळ सौर प्रकल्प झाला, आता आमच्या डीपीला व्होल्टेज भेटेल ना?

दिवसाची लाइन भेटेल, आणि ती काही लहान गोष्ट नाही. रात्री दोनच्या पाळीला रोही-रानडुकरांच्या अन् सापांच्या भीतीत बारे देणं काय असतं हे ज्याने केलं त्याला ठाऊक. २०१७ ला मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, २०२३ पासून तिचं २.० सुरू आहे, ती याचसाठी.

पण व्होल्टेजचं वेगळं आहे. प्रकल्पाची वीज ३३/११ सबस्टेशनातच जोडतात, तिथून पुढं तुमच्या धुऱ्यापर्यंतची १५ किलोमीटरची तार तीच आहे, तिच्यातली पडझड तीच आहे. उलट आता सगळ्या मोटरा दिवसा सोबत चालणार असतील तर पडझड वाढूही शकते. याला माझ्या मते तीन रस्ते: तार जाड करा, प्रकल्पाचे छोटे तुकडे करून लाइनीच्या मधोमध अन् शेवटी बसवा, नाहीतर शेवटी डी-स्टॅटकॉम बसवा. पीएम-कुसुम या केंद्राच्या सौर योजनेच्या पहिल्या घटकात अर्ध्या मेगावॅटपासूनचे प्रकल्प बसतात, तेव्हा तुकडे करणं काही अशक्य नाही. प्रकल्पासाठी जागा ठरते तेव्हा जमीन कोणाची, रस्ता कसा एवढंच पाहतात, लाइनीचा शेवट कुठं आहे तेही पाहावं, असं मला मनापासून वाटते.

एक फिडर भरलेला अन् शेजारचा रिकामा असतो, दोन्ही जोडून का टाकत नाहीत?

हा प्रश्न एका आजोबांनी विचारला होता, आणि मला आजवर आलेल्या प्रश्नांत हा सगळ्यात हुशारीचा. दोन फिडर साध्या स्विचने कायमचे जोडले तर वीज आपल्या मर्जीने फिरते, कुठून किती जाईल हातात राहत नाही, एकावर फॉल्ट झाला, म्हणजे तार तुटली-चिकटली, की दुसराही पडतो. म्हणून मधला स्विच एरवी उघडा ठेवतात.

आता भद्रावती. पश्चिमेचं अन् दक्षिणेचं ग्रिड आधी वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर चालायचं, सरळ जोडणं शक्यच नव्हतं. तर १९९० च्या दशकाच्या शेवटी आपल्या भद्रावतीला बॅक-टू-बॅक स्टेशन उभं झालं, ५००-५०० मेगावॅटचे दोन भाग. एका बाजूची एसी डीसी करायची, लगेच तिथंच परत दुसऱ्या बाजूची एसी करायची. लाइन नाहीच, एकाच आवारात सगळं. वीज पाहिजे तेवढीच, पाहिजे त्या बाजूला, अन् एकीकडची गडबड दुसरीकडे जात नाही. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर लाइनीने दोन्ही ग्रिड सरळ जुळले, पण तोवर दक्षिणेला वीज देण्यात भद्रावतीचा मोठा हात होता.

हेच यंत्र लहान करून दोन फिडरांच्या मधल्या उघड्या स्विचच्या जागी बसवा, त्याला सॉफ्ट ओपन पॉइंट म्हणतात. इंग्लंडात एक्सब्रिजला ३३ केव्हीवर २० एमव्हीएचं असं यंत्र बसवलं आहे, लंडन अन् ब्रायटनमध्ये घरगुती व्होल्टेजवरही करून पाहिलं. आपल्याकडे गावठाण फिडर दुपारी रिकामा अन् शेतीचा भरलेला, संत्र्याच्या बागेचा एका महिन्यात भरतो तर कापसाचा दुसऱ्या महिन्यात. जोडायला कारण भरपूर आहे. महाग आहे, तेवढंच.

लाइन गेली की माझं सोलरही बंद, मग उपयोग काय? ते चालू ठेवायचं काही जुगाड आहे का?

जुगाड करू नका. हात जोडून सांगतो.

लाइन गेल्यावर इन्व्हर्टर २ सेकंदांच्या आत बंद झाला पाहिजे असा नियम आहे, तो पोलावर चढलेल्या माणसासाठी आहे. खाली २३० व्होल्ट लाइनीत शिरले तर डीपीतून उलटे जाऊन वर ११ हजार होतात. आमच्या गावात सोलर नव्हतं तेव्हाची गोष्ट, एकाने लग्नघरी जनरेटर लावला, चेंजओव्हर, म्हणजे लाइन नाहीतर जनरेटर एकच जोडणारा स्विच, न बसवता सरळ बोर्डात वायर घातली, अन् दोन पोल सोडून एक लाइनमन तार बांधत होता. झटका बसला, खाली पडला, कमरेचं हाड गेलं. वाचला. त्याचं पोरगं माझ्या वर्गात होतं. तेव्हापासून चेंजओव्हर नसलेल्या घरचं काम मी घेत नाही.

लाइन नसताना वीज पाहिजे असेल तर बॅटरीवालं हायब्रिड घ्या, ते आधी स्वतःला लाइनीपासून तोडते, मग घर चालवते. तसाच पूर्ण गावही चालू शकतो, एखादा मोठा इन्व्हर्टर स्वतः व्होल्टेज अन् फ्रिक्वेन्सी उभी करतो, बाकीचे त्याच्या मागं चालतात, त्याला ग्रिड-फॉर्मिंग म्हणतात. मेळघाटासारख्या जंगलातल्या लांब लाइनींना हे शोभेल, पण ते वितरण कंपनीच्या देखरेखीतच.

गावभर इन्व्हर्टर सोबत बंद पडले तर?

जर्मनीवर ही पाळी यायची होती. तिथं सगळ्या सोलर इन्व्हर्टरांना ग्रिडची फ्रिक्वेन्सी ५० वरून ५०.२ हर्ट्झवर गेली की बंद व्हायला सांगितलं होतं, सोलर वाढलं तसं ध्यानात आलं की एक दिवस सगळे सोबत बंद होतील अन् ग्रिडच बसेल. २०१२ ला नियम काढून ३ लाखांच्या आसपास प्रकल्पांची सेटिंगं बदलावी लागली. अमेरिकेच्या हवाई बेटांवर २०१५ ला एका कंपनीने ८ लाख मायक्रोइन्व्हर्टरांचं, म्हणजे एकेका पॅनलखालच्या छोट्या इन्व्हर्टरांचं, सेटिंग इंटरनेटवरून बदललं. आपल्याकडे आत्ता लागून राहिलेत, तेव्हा आत्ताच बरोबर सेट करणं स्वस्त.

फॉल्ट झाला तर डीओ (पोलावरचा फ्यूज) उडेल ना?

कमी करंटमुळे कधी उडणारही नाही. फिरणारा जनरेटर फॉल्टला पाच-सहापट करंट देतो, इन्व्हर्टर सव्वापट-दीडपट देऊन हात टेकतो. म्हणून फ्यूज अन् फॉल्ट ओळखून लाइन तोडायला लावणारे रिले नव्याने बसवावे लागतात, हे डिझाइनवाल्यांचं काम आहे, पण तार तुटून पडली तर ती जिवंत आहे असंच धरा.

हार्मोनिक्स म्हणजे काय भानगड?

लाट गोल न राहता दातेरी होते. मोटरीचा वेग बदलणाऱ्या साध्या ड्राइव्हमुळे ५ वा, ७ वा, ११ वा (मूळ लाटेच्या तेवढ्या पट वेगाचे) असे दाते येतात, कॅपॅसिटर फुगतात, डीपी उगीच तापते. चांगला फिल्टर असलेलं यंत्र घ्या, पाचशे-हजार वाचवायला बिनानावाचं घेऊ नका.

आता म्हणे इलेक्ट्रॉनिक डीपी येणार?

सॉलिड स्टेट ट्रान्सफॉर्मर. प्रयोग चालू आहेत. आपल्या तेलाच्या डीपीत हलणारं काही नाही, नीट लोड ठेवलं तर पंचवीस वर्षं चालते, अन् तालुक्याला दुरुस्त होते. मी तरी आत्ता डीपी बदला म्हणणार नाही, डीपीच्या बाजूला इलेक्ट्रॉनिक्स लावा म्हणेन.

आमच्या उन्हात हे टिकते का?

खरा प्रश्न हाच आहे. ब्रह्मपुरी, चंद्रपूरला पारा ४६ च्या वर जातो, पत्र्याच्या पेटीत त्याहून जास्त, आणि आतल्या इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशाला अर्ध होते असा ठोकताळा आहे. बरेच इन्व्हर्टर ४५-५० च्या पुढं स्वतःच कमी वीज देतात. म्हणून उत्तरेच्या भिंतीला, सावलीत, हात-हात भर जागा सोडून लावा. पश्चिमेच्या भिंतीला लावलेले मी किती तरी बदलले.

आकाशातल्या विजेचं दुसरं. मे-जूनच्या वादळात एक कडकडाट अन् कार्ड खलास. अर्थिंग नीट करा, काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात अन् अर्थिंग सुटते, पाणी टाकत राहा. सर्ज अरेस्टर, म्हणजे विजेचा झटका जमिनीत उतरवणारी वस्तू, दोन्ही बाजूंना, पॅनलकडून अन् लाइनीकडून. आणि केबल जाते ती भोकं बुजवा. पाल अन् मुंग्या आत शिरून जेवढे कंट्रोलर मेले तेवढे विजेनेही मेले नसतील.

मी साधा ग्राहक, मी काय करू शकतो?

एक वही करा. शंभर-दीडशे रुपयांचा व्होल्टमीटर प्लगमध्ये लावून ठेवा, सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी आठ, तीन वेळचं व्होल्टेज पंधरा दिवस लिहा. मोटरवाल्यांनी तिन्ही फेजचं लिहा, मोटर चालू असताना. दुपारी २५० च्या वर अन् संध्याकाळी २०० च्या खाली असं दिसलं तर नुसतं "व्होल्टेज बरोबर नाही" असा अर्ज देऊ नका, वहीची झेरॉक्स जोडा, पोल नंबर लिहा, डीपीपासून किती पोल लांब ते लिहा. सोलरवाल्यांनी इन्व्हर्टरच्या ॲपमधून बंद पडल्याच्या वेळा काढून जोडाव्यात, त्यात तारीख-वेळ आपोआप असते. आणि शेवटच्या पोलावरचे चार जण मिळून द्या, एकेकट्याने नको.